मोनितो देल मोंते : चिलीच्या रानातल्या चिमुकल्या निशाचराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोनितो देल मोंते हा नेमका कोणता प्राणी?

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अगदी खाली, अँडीज पर्वताच्या दोन्ही उतारांवर चिली आणि अर्जेंटिनाची थंड, ओली रानं आहेत. तिथल्या बांबूच्या बेटांत हा उंदराएवढा प्राणी राहतो. वजन साधारण २० ते ४० ग्रॅम, म्हणजे एखाद्या कागदी लिंबाएवढं. अंग करडं-तपकिरी, पोट फिकट, खांद्यावर आणि कुल्ल्यांवर पांढुरके ठिपके. डोळे मोठे, त्यांच्याभोवती काजळ घातल्यासारखं काळं वर्तुळ. शेपूट अंगाइतकंच लांब आणि केसाळ असतं. फक्त टोकाशी खालच्या बाजूला उघड्या कातडीची पट्टी असते, तिनं तो फांदी घट्ट धरतो.

दिसायला उंदीर असला तरी त्याचं नातं कांगारूशी आहे. मादीच्या पोटाशी पिशवी असते, म्हणजे हा शिशुधान प्राणी. लोक त्याला 'दुर्मीळ उंदीर' म्हणून बाजूला सारतात तेव्हा मला वाईट वाटतं. पृथ्वीवर त्याच्या गणातलं दुसरं कुणीही आता उरलेलं नाही.

नावाचा अर्थ काय?

स्पॅनिशमध्ये 'मोनितो' म्हणजे छोटं माकड. 'मोंते'चा शब्दकोशातला अर्थ डोंगर, पण चिलीतली माणसं झाडीला, रानालाही मोंते म्हणतात. म्हणून 'रानातलं माकडपिल्लू' हा अर्थ जवळचा. पुढच्या पायांचा हातासारखा वापर आणि शेपटीची पकड पाहिली की हे नाव पटतं. तिथल्या मूळच्या मापुचे लोकांच्या भाषेत त्याला चुमाइवेन म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रोमिसिऑप्स ग्लिरॉइडिस. ते १८९४ मध्ये ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने दिलं.

एकच जात आहे की जास्त?

शंभरहून अधिक वर्षं एकच मानत होते. २०१६ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी कवट्या आणि जनुकं तपासून आणखी दोन जाती मांडल्या. त्यांतल्या एकीला चिलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को बोझिनोविच यांचं नाव दिलं. नंतरच्या जनुकीय अभ्यासातून दोनच जाती ठळकपणे वेगळ्या निघाल्या, एक उत्तरेकडची आणि एक दक्षिणेकडची. खाली मी 'मोनितो' म्हणते तेव्हा दोन्ही धरल्या आहेत.

त्याचं रान कसं असतं?

त्या रानाला वाल्दिवियाचं समशीतोष्ण वर्षावन म्हणतात. चिलीत त्यातला मोनितोचा पट्टा साधारण ३६ अंश दक्षिण अक्षांशापासून चिलोए बेटापर्यंत आहे, आणि अर्जेंटिनात त्याची एक चिंचोळी पट्टी नाऊएल ऊआपी सरोवराच्या आसपास आहे. पावसाच्या बाबतीत कोकणी माणसाला ते परकं वाटणार नाही. पण आपल्याकडे पाऊस उन्हाळा संपवायला येतो, तिकडे तो हिवाळ्यात कोसळतो. जून-जुलैत पाऊस, बोचरी थंडी, उंचावर बर्फ, सगळं एकदम. वर्षाच्या ऐन भुकेच्या दिवसांत सगळं ओलं आणि गार. मोनितोचं सगळं जगणं या एका गोष्टीभोवती घडलंय.

वरच्या थरात नोथोफॅगस कुळातले उंच वृक्ष. काही ठिकाणी आलेर्से नावाचे सूचिपर्णी वृक्ष, त्यांतले काही तीन हजार वर्षांहूनही जुने. खोडाखोडावर शेवाळ, नेचे, वेली. आणि खाली, माणूस वाकूनही आत शिरू शकणार नाही असं चुस्केआ बांबूचं जाळं. आपल्याकडच्या मानवेलीपेक्षा काठी बारीक, आणि आतून भरीव. हे जाळं मोनितोचा रस्ता आहे, घर आहे आणि लपायची जागाही. तो जमिनीवर उतरत नाही असं नाही, पण बांबूच्या काठीवरून काठीवर जाण्यात त्याचा जीव रमतो. खालचा बांबू-झुडपांचा थर साफ केला आणि वरचे मोठे वृक्ष तसेच ठेवले, तर फोटोत जंगल हिरवंगार दिसतं, पण त्यात मोनितोला पाय ठेवायला जागा नसते.

तो घरटं बांधतो हे खरं का?

खरं, आणि फार सुबक बांधतो. बांबूची पाणी न धरणारी पानं आणून त्यांचा गोळा करतो, आतून मऊ शेवाळ आणि गवताचं अस्तर. बाहेरूनही शेवाळ लावलं की बुंध्यावरचा गोळा कुठला आणि घरटं कुठलं हे कळत नाही. जागा म्हणजे झाडाची ढोली, पडलेल्या ओंडक्याची खोबण किंवा दाट झुडूप. बहुतेक वेळा जमिनीपासून एखाद-दोन मीटरवर. आपल्याकडे सुगरणीच्या घरट्याचं कौतुक बहिणाबाईंपासून सगळ्यांनी केलं. या घरट्याचं कौतुक करायला मात्र रात्री बॅटरी घेऊन बांबूत घुसावं लागतं.

खातो काय?

किडे, अळ्या, कोळी, आणि हंगामात फळं. उन्हाळ्याच्या अखेरीला रानातली मऊ फळं पिकतात तेव्हा तो फळांवर तुटून पडतो आणि शेपटीच्या मुळाशी चरबी साठवतो. शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या मार्च-एप्रिलमध्ये, त्याच्या शेपटीचं मूळ गाजरासारखं फुगलेलं असतं. हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी.

हिवाळ्यात तो झोपतो की मरणाच्या दारात जातो?

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि तो अगदी नेमका आहे. शीतनिद्रा म्हणजे लांबलेली झोप नव्हे. झोपेत शरीर गरम राहतं, हृदय नेहमीचं काम करत असतं. शीतनिद्रेत मोनितो आपली भट्टीच मंद करतो. अंगाचं तापमान उतरत उतरत भोवतालच्या थंडीच्या जवळ येतं. हृदयाचे ठोके मिनिटाला मोजके, श्वास फार फार अंतरानं. हाताला गार, घट्ट गोळा लागतो, आणि नवख्याला तो मेलाय असंच वाटेल.

पण तो एकाच प्रकारे झोपत नाही. थंडी लांबली, बर्फ पडला तर दिवसचे दिवस शीतनिद्रा. उन्हाळ्यातही एखादी रात्र गार पडली, किडे मिळाले नाहीत, तर काही तासांची गुंगी. पोटाला किती मिळालं आणि बाहेर किती गारठा आहे, यावर त्याचा रोजचा निर्णय ठरतो. थंडीत एकाच घरट्यात तीन-चार जण एकमेकांना चिकटून बसलेले सापडतात. इतक्या लहान जिवाला पृष्ठभागातून उष्णता झपाट्यानं गमवावी लागते, म्हणून एकत्र गोळा होणं हा जगण्याचाच भाग आहे.

यातून एक काळजीही उभी राहते. हिवाळा थोडा उबदार झाला तर अशा प्राण्याला बरंच वाटेल, असं आपल्याला वाटतं. उलट होऊ शकतं. शीतनिद्रेत अंग जितकं गार, तितकी चरबी सावकाश जळते. मधेच उबारा आला की भट्टी वाढते, शिदोरी लवकर संपते, आणि बाहेर फळ पिकायला अजून दोन महिने असतात.

पिल्लं किती होतात?

वर्षातून एकच वीण, वसंतात. पिशवीत स्तन चारच, त्यामुळे चारपेक्षा जास्त पिल्लं सहसा जगत नाहीत. दोन ते चार हे नेहमीचं. आधी पिशवीत, मग घरट्यात, मग काही दिवस आईच्या पाठीवर. वयात यायला दुसरं वर्ष लागतं. उंदराच्या वेगानं याची संख्या भरून येत नाही. एखाद्या भागातून तो गेला की परत यायला फार वेळ लागतो.

एवढ्या लहान प्राण्यामुळे रानाला काय फरक पडतो?

हाच प्रश्न मला सगळ्यांत आधी घ्यायचा होता.

आमच्या कोकणातल्या परसात आंब्यावर बांडगूळ चढलं की आजोबा कोयती घेऊन झाडावर चढायचे. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारं, आपल्या भाषेत ती शिवीच. मोठेपणी फुलटोचा पक्षी पाहिला तेव्हा त्या शिवीतली दुसरी बाजू कळली. बोटभर लांबीचा हा पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बिया फांदीला पुसून टाकतो. बी तिथंच रुजते. बांडगूळ आणि फुलटोचा यांचं असं जुनं घरोब्याचं नातं आहे.

अँडीजच्या रानात किंत्राल नावाचं बांडगूळ आहे, आणि त्याचा 'फुलटोचा' म्हणजे हा मोनितो. अर्जेंटिनातल्या बारिलोचे इथल्या गियेर्मो आमिको आणि मार्सेलो आयझेन या संशोधकांनी २००० मध्ये हे दाखवून दिलं. मोनितो किंत्रालची फळं अख्खी गिळतो. पोटात सालीचं आवरण निघून जातं आणि त्यामुळेच बीला अंकुर फुटायचा मार्ग मोकळा होतो. विष्ठेतून बाहेर पडलेल्या बिया चिकट असतात, एकामागे एक माळेसारख्या फांदीला चिकटून राहतात. अख्खं फळ फांदीखाली पडलं तर त्यातून नवं रोप होत नाही. त्या थंड रानांत हे काम करणारं दुसरं कुणी नाही.

यात एक फार सुंदर तपशील आहे. उत्तरेकडे, चिलीच्या कोरड्या मध्य भागात, हेच किंत्राल पक्षी पसरवतात. तिथं त्याचं फळ पिकल्यावर पिवळं होतं, कारण पक्षी दिवसा रंग बघून येतात. दक्षिणेच्या ओल्या रानात तेच फळ पिकल्यावरही हिरवंच राहतं. रात्रीच्या अंधारात येणाऱ्याला रंग कशाला हवा?

आता साखळी पुढे न्या. किंत्राल थंडीच्या दिवसांत फुलतं, रानात दुसरं फारसं काही फुललेलं नसताना. त्याच्या लाल फुलांतल्या मधावर तिथला एक हिरव्या पाठीचा हमिंगबर्ड हिवाळा काढतो. हाच पक्षी त्या रानातल्या कितीतरी झाडाझुडपांचं परागण करतो. म्हणजे शीतनिद्रेत गारठून पडलेल्या मोनितोनं आधीच्या कुठल्या तरी उन्हाळ्यात पेरलेलं बांडगूळ हिवाळ्यात एका पक्ष्याला जगवतं, आणि तो पक्षी वसंतात रानाला फुलवतो. हे दोघं कधी एकमेकांना भेटतही नसतील. एक रात्रीचा, एक दिवसाचा.

शिवाय किंत्राल ही एकच वनस्पती नाही. त्या रानातल्या मऊ फळांच्या अनेक झुडपांच्या बिया मोनितोच्या पोटातून पुढे जातात.

त्याला 'जिवंत जीवाश्म' का म्हणतात?

त्याच्या मायक्रोबायोथेरिया या गणातले बाकीचे सगळे आता फक्त दगडात सापडतात म्हणून. मला स्वतःला हा शब्द आवडत नाही. जीवाश्म म्हटलं की संग्रहालयातली काचेची पेटी डोळ्यांपुढे येते, आणि हा तर आज रात्रीही बिया पेरत फिरतोय. पण शब्दामागची गोष्ट विलक्षण आहे.

अमेरिका खंडांत पिशवीवाले प्राणी भरपूर आहेत, मुख्यतः ओपोसम. त्याच भूमीत राहणारा मोनितो ओपोसमचा भाऊबंद असणार असंच सगळे धरून चालले होते. १९८२ मध्ये फ्रेडरिक सालाय या संशोधकांनी घोट्याच्या हाडांची रचना तपासली आणि मोनितोला ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांच्या रांगेत बसवलं. पुष्कळांना ते पटलं नाही. मधे अख्खा पॅसिफिक महासागर, आणि पुरावा काय तर घोटा! पुढे जनुकीय अभ्यासांनी तोच निष्कर्ष दिला : शेजारच्या ओपोसमपेक्षा मोनितो कांगारू, कोआला यांना जवळचा आहे.

मधे महासागर असताना हे नातं कसं, याचं उत्तर अंटार्क्टिकात दडलंय. एके काळी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया जोडलेली होती, आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हे तर नोथोफॅगसची रानं होती. सीमोर बेटावर, अंटार्क्टिकाच्या टोकाला, मोनितोच्या गणातल्या प्राण्यांचे दात सापडले आहेत. त्याचे नातलग त्या वाटेनं चालत होते याची ही खूण.

मग भारतात पिशवीवाले प्राणी का नाहीत? भारतही गोंडवनाचाच, म्हणजे त्या जोडलेल्या दक्षिणी भूमीचाच, भाग होता ना?

होता. 'गोंडवन' हे नावच आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलंय, आणि त्यातला काही भाग आजच्या विदर्भात आहे. पण भारताची गाडी फार लवकर सुटली. अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून तो साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी वेगळा होऊ लागला, आणि जवळपास नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिला. पिशवीवाले प्राणी अंटार्क्टिकातून ऑस्ट्रेलियाकडे सरकत होते त्या काळात भारत समुद्रात एकटा उत्तरेकडे निघाला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता, तेव्हाही आपण बेटच होतो.

आज आपल्याला सर्वांत जवळचे पिशवीवाले प्राणी इंडोनेशियात सुलावेसी बेटावर आहेत. त्याच्या पश्चिमेला रानात एकही नाही. कुणी सह्याद्रीत 'पिशवीवाला उंदीर' पाहिल्याचं सांगितलं, तर तो दुसराच कुठला तरी प्राणी असतो.

तो अपशकुनी आहे असं तिथले लोक मानतात का?

जुन्या पिढीत तशी समजूत होती. मोनितो घरात शिरला तर घरावर संकट येतं, असं काही भागांत मानत, आणि त्यापायी लोकांनी घरं जाळून टाकल्याच्या गोष्टी सांगतात. आपण त्यांना हसायचं कारण नाही. घुबड घरावर बसलं की आपल्याकडे आजही शेजारपाजारी कुजबुज सुरू होते, आणि त्यात घुबडाचा जीव जातो. मोठे डोळे करून रात्री फिरणाऱ्या निरुपद्रवी जिवांच्या वाट्याला हे दोन्ही खंडांत आलंय. दोघांनाही आपल्या घराची नव्हे, त्यातल्या किड्या-उंदरांची ओढ असते.

त्याला कोण खातं?

तिथली रानघुबडं, कोल्हे, आणि गुइन्या नावाची रानमांजर. ही अमेरिका खंडांतली सर्वांत लहान रानमांजर, आणि तीही याच बांबूत दबा धरते. हे चालायचंच. वस्तीलगतच्या पाळीव मांजरांचं मात्र तसं नाही, कारण त्यांना घरून दूध-मासळी मिळत असते आणि तरीही त्या शिकार करतात.

तो संपत चाललाय का?

जागतिक पातळीवर तो 'संकटसमीप' धरला जातो. म्हणजे उद्या संपणार असं नाही, पण दिशा बरी नाही.

मोठं कारण वृक्षलागवड. ऐकायला विचित्र वाटेल. चिलीच्या किनारी डोंगरांत मूळचं रान काढून त्या जागी रेडिएटा पाइन आणि निलगिरी यांच्या सरळ रांगा लावल्या गेल्या. लाकूड आणि कागदाच्या लगद्यासाठी. नकाशावर ते क्षेत्र हिरवंच दिसतं. आपल्याकडेही निलगिरीखाली गवताचं पातं न उगवलेले माळ पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात उन्हाळ्यात वणवे पेटतात. जानेवारी २०१७ मध्ये मध्य चिलीत असे वणवे पेटले की माउले भागातलं सांता ओल्गा गाव जळून गेलं. मोनितोच्या प्रदेशाची उत्तरेकडची, आधीच तुकड्या-तुकड्यांत उरलेली कड त्याच पट्ट्यात आहे.

यातही एक दिलासा सापडलाय. वाल्दिवियाच्या किनाऱ्यावर काही जुन्या निलगिरी लागवडी कुणी साफ न करता तशाच राहिल्या. खाली मूळची झुडपं पुन्हा उगवली, आणि तिथं मोनितोही आला. वर परकं झाड असलं तरी खालचा थर आपला असेल तर तो चालवून घेतो. लागवड करणाऱ्यांनी झुडपांचा हा थर राखला, आणि रानाच्या दोन तुकड्यांमध्ये एखादी पट्टी सोडली, तरी पुष्कळ होईल. झाडाझाडांतून जाणारा हा प्राणी उघड्या मैदानावरून पलीकडे जात नाही.

बांबू फुलला की काय होतं?

मिझोरमच्या 'मौताम'बद्दल वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथं बांबू दर अठ्ठेचाळीसेक वर्षांनी एकदम फुलतो, बियांवर उंदीर माजतात, मग शेतं फस्त होतात. चुस्केआही तसाच अनेक दशकांनी एकगठ्ठा फुलतो आणि फुलून मरतो. बारिलोचेच्या परिसरात २०१०-११ च्या सुमारास असा बहर आला. उंदरांची लाट येते, तिला तिथं 'रातादा' म्हणतात. मोनितोसाठी प्रश्न नंतरचा : डोंगरउतारच्या उतार वाळलेल्या काठ्या, पानं गळलेली, घरट्याला नवी हिरवी पानं नाहीत. मोठं सलग रान असेल तर तो न फुललेल्या बेटांकडे सरकतो. लहान तुकड्यात अडकलेला कुठं सरकणार?

पाळता येतो का?

नाही. त्याची जागा त्याचं रान.

चिलीला गेलो तर पाहायला मिळेल का?

मिळू शकतो, पण धीर हवा. डिसेंबर ते मार्च हे तिकडचे उन्हाळ्याचे महिने बरे. चिलोए बेट, चिलीतलं पुयेऊए राष्ट्रीय उद्यान आणि अर्जेंटिनातलं नाऊएल ऊआपी, या तिन्ही ठिकाणी त्याचं रान आहे. अंधार पडल्यावर स्थानिक वाटाड्यासोबत जावं, बॅटरीवर लाल कागद लावावा, आणि किंत्राल लगडलेल्या फांदीखाली गप्प उभं राहावं. फांदीवर चिकट बियांची माळ दिसली तर तो इथून गेलाय असं समजावं.

चालताना त्याचं घरटं सापडलं तर काय करावं?

हात लावू नये, उघडून बघू नये, फोटोसाठी काडी घालू नये. हिवाळ्यात तर मुळीच नाही. शीतनिद्रेतून जागं व्हायला त्याला साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा जाळावा लागतो, आणि ती चरबी पुन्हा भरायला फळं पिकेपर्यंत मार्ग नसतो. घरटं खाली पडलेलं असेल, तर जवळच्या उद्यान-रक्षकाला जागा दाखवावी आणि तो येईपर्यंत कुत्रं किंवा माणूस त्यावर पाय देणार नाही एवढं पाहावं.